बोल फुटण्यापूर्वी : तान्ह्या बाळाचे इशारे आणि आपली जबाबदारी

मानवाच्या जन्माविषयी बोलताना कुरआनने एक अत्यंत साधी, पण विचार करायला लावणारी गोष्ट सांगितली आहे. सूरह नहलमध्ये (१६:७८) अल्लाह आपल्याला आठवण करून देतो की, मातेच्या उदरातून बाहेर येताना आपल्याला काहीही ठाऊक नव्हते. मग त्याने आपल्याला कान दिले, डोळे दिले आणि अंतःकरण दिले, जेणेकरून आपण कृतज्ञ व्हावे. या आयतीत जिभेचा उल्लेख नाही. बाळ प्रत्यक्षातही याच क्रमाने वाढते. ते आधी ऐकते, पाहते, मनाने जाणते आणि त्यानंतर पुष्कळ दिवसांनी त्याला बोल फुटतात.

मग हे मधले वर्ष-दीड वर्ष बाळ मुके असते काय? मुळीच नाही. ते हात पुढे करते, मान फिरवते, बोट दाखवते, टाळी वाजवते, आपल्या डोळ्यांत पाहते. हे सारे त्याचे बोलणे आहे आणि बोलणे म्हटले की ऐकणारा हवाच. दुर्दैवाने आपण मुलाच्या पहिल्या शब्दाची मोठ्या कौतुकाने वाट पाहतो. पण त्या शब्दापूर्वी त्याने हाताने सांगितलेल्या शेकडो गोष्टी आपल्या लक्षातही येत नाहीत. बाळाचा इशारा ही त्याची पहिली भाषा आहे, आणि त्या भाषेला प्रेमाचे व खरेपणाचे उत्तर मिळणे हा त्याचा हक्क आहे, हे या पाठात आपण समजून घेणार आहोत.

इशारा हीही भाषाच

इस्लामने इशाऱ्याला कमी लेखलेले नाही. कुरआनात याची ठळक उदाहरणे आहेत. ह. जकरिया (अ.) यांना वृद्धापकाळी पुत्राची शुभवार्ता मिळाली, तेव्हा त्यांनी एखादी निशाणी मागितली. निशाणी अशी ठरली की, तीन दिवस ते लोकांशी केवळ इशाऱ्याने बोलतील (सूरह आलि इमरान ३:४१). पुढे सूरह मरयममध्ये येते की, ते आपल्या उपासनास्थळातून बाहेर आले आणि लोकांना सकाळ-संध्याकाळ अल्लाहचे स्मरण करण्याची सूचना त्यांनी इशाऱ्यानेच केली. म्हणजे उपासनेचा आदेशसुद्धा इशाऱ्याने पोहोचू शकतो.

त्याच सूरहमध्ये ह. मरयम (अ.) यांचा प्रसंग आहे. तान्ह्या बाळाला घेऊन त्या आपल्या लोकांत परतल्या. लोकांनी आरोपांची सरबत्ती केली. त्यांनी मौनाचे व्रत घेतले होते. म्हणून त्यांनी एकही शब्द न उच्चारता बाळाकडे बोट दाखवले (१९:२९). लोकांना आश्चर्य वाटले की, पाळण्यातल्या मुलाशी कसे बोलायचे! त्यावर अल्लाहच्या आज्ञेने ह. ईसा (अ.) बोलले. तो चमत्कार होता आणि चमत्कार वारंवार घडत नसतात. परंतु पाळण्यातल्या मुलाशी बोलणे व्यर्थ आहे, ही त्या लोकांची समजूत आजही अनेक घरांत जशीच्या तशी टिकून आहे, ही मात्र विचार करण्याची बाब आहे.

सूरह कससमधील ह. मूसा (अ.) यांची कथा तर आपल्या विषयाच्या अगदी जवळची आहे. फिरऔनच्या महालात पोहोचलेले ते तान्हे बाळ कोणत्याही दाईचे दूध घेईना. त्याच्याजवळ शब्द नव्हते, होता तो फक्त नकार. त्या नकाराची दखल जुलमी राजाच्या महालालाही घ्यावी लागली. बहिणीने योग्य वेळी सूचना केली आणि बाळ पुन्हा आपल्या आईच्या कुशीत आले (२८:१२-१३). अल्लाहने एका बाळाच्या तोंड फिरवण्यातून आपली योजना पूर्ण केली.

अंतिम प्रेषित ह. मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीतही हाताचा इशारा ठायी ठायी दिसतो. अनाथाचा सांभाळ करणारा जन्नतमध्ये आपल्या किती जवळ असेल, हे त्यांनी तर्जनी व मधले बोट दाखवून सांगितले. महिना कधी २९ दिवसांचा तर कधी ३० दिवसांचा असतो, हे त्यांनी बोटांनी मोजून दाखवले. इमाम बुखारी (रह.) यांनी आपल्या हदीससंग्रहातील ज्ञानविषयक भागात, हाताच्या किंवा डोक्याच्या इशाऱ्याने प्रश्नाचे उत्तर देणे या विषयाचे स्वतंत्र प्रकरण ठेवले आहे. त्यात ग्रहणाच्या दिवसाचा प्रसंग येतो. ह. अस्मा (रजि.) यांनी लोक अवेळी नमाजला का उभे आहेत असे विचारले, तेव्हा नमाजमध्ये असलेल्या ह. आयशा (रजि.) यांनी आकाशाकडे इशारा केला; ही अल्लाहची निशाणी आहे काय असे पुन्हा विचारल्यावर त्यांनी मानेने होकार दिला. फिक्हशास्त्रानेही मुक्या व्यक्तीचा समजण्याजोगा इशारा तिच्या शब्दाच्या जागी मान्य केला. अशा व्यक्तीचा निकाह व व्यवहार इशाऱ्याने होतात. ज्या शरीअतने मोठ्या माणसाच्या इशाऱ्याला शब्दाचा मान दिला, तिच्या अनुयायांनी आपल्याच बाळाच्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करणे शोभत नाही.

इशाऱ्यांची वाटचाल

बाळाचे इशारे एका क्रमाने येतात. प्रत्येक मूल आपल्या गतीने वाढते, त्यामुळे पुढे दिलेले महिने हे सर्वसाधारण आहेत, हे ध्यानात ठेवावे.

जन्मानंतर लगेचच बाळ भूक सांगू लागते. ते मूठ तोंडाशी नेते, मान वळवून तोंडाने आईचा स्तन शोधते. पोट भरले की तोंड फिरवते. रडणे हा भुकेचा शेवटचा इशारा आहे, पहिला नव्हे. जी आई आधीचे इशारे ओळखते, तिच्या बाळाला रडावे कमी लागते. सहा-आठ आठवड्यांचे झाले की बाळ समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहून हसू लागते.

सहा ते आठ महिन्यांच्या सुमारास ते उचलून घ्यावे म्हणून दोन्ही हात वर करते. नऊ-दहा महिन्यांचे बाळ हातातील वस्तू आपल्याला दाखवते, मग ती आपल्या हातात ठेवते आणि लगेच परतही मागते. आपल्या घरांत याच सुमारास मुलांना सलाम करायला शिकवतात. कपाळाशी नेलेला तो इवलासा हात सर्व घराला आनंद देतो. शेजारच्या घरात हेच बाळ ‘टाटा’ करायला शिकते. दादी नमाजला उभी राहिली की ते रांगत जाऊन जानमाजवर डोके टेकवते, दुआसाठी हात उचललेले पाहून स्वतःचे तळवे पुढे करते.

दहाव्या ते चौदाव्या महिन्याच्या दरम्यान तर्जनीने दाखवणे सुरू होते. त्यानंतर मान हलवून नकार देणे, रिकामे तळवे उलटे करून ‘खलास’ किंवा ‘संपलं’ सांगणे असे इशारे येतात. दीड वर्षाच्या आसपास इशारा आणि शब्द यांची जोडी जमते. अब्बा कामावर गेलेले असतात, खुंटीवर त्यांची टोपी असते. मूल टोपीकडे बोट दाखवते आणि म्हणते, ‘अब्बा’. तोंडात एकच शब्द आहे, पण बोट आणि शब्द मिळून ‘अब्बांची टोपी’ हे पूर्ण बोलणे झाले आहे.

शिकागो विद्यापीठातील संशोधिका सुझन गोल्डिन-मेडो आणि त्यांच्या सहकारी जाना आयव्हरसन यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हीच गोष्ट बारकाईने नोंदवली. त्यांनी दहा मुलांना दहाव्या महिन्यापासून दोन वर्षांचे होईपर्यंत पाहिले. मुले ज्या वस्तूंची नावे पुढे बोलू लागली, त्यांतील बऱ्याच वस्तूंविषयी त्यांनी आधी इशाऱ्याने सांगितले होते. आणि ज्यांनी इशारा व शब्द यांची अशी जोडी लवकर जमवली, ती मुले दोन शब्दांचे वाक्यही लवकर बोलू लागली. मुलांना इशाऱ्यांची सवय लागली तर ती बोलण्यात आळस करतील, ही भीती निराधार आहे. बोट आधी वाट दाखवते आणि जीभ त्या वाटेने मागून येते.

औंढा नागनाथसारख्या मराठवाड्यातील गावात आपल्या मुलांना आणखी एक लाभ मिळतो. घरात दखनी उर्दू, गल्लीत मराठी. घरात ‘पानी’, शेजारी ‘पाणी’; घरात चाँद, शेजारी चांदोमामा. शब्द वेगळे असले तरी माठाकडे दाखवलेले बोट दोन्ही घरांना सारखेच कळते. इतकेच नव्हे, तर २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जपान, इंडोनेशिया, पापुआ न्यू गिनी, मेक्सिको, पेरू अशा दूरदूरच्या देशांतील बाळे याच वयात, याच तऱ्हेने बोट दाखवतात असे आढळले. भाषांची व वर्णांची विविधता ही अल्लाहची निशाणी आहे, असे सूरह रूम सांगते (३०:२२). त्या विविधतेच्या मुळाशी असलेले हे साम्यही त्याचीच निशाणी होय. म्हणून बाळाने बोट दाखवले तर आईने त्या वस्तूचे नाव आपल्या बोलीत सांगावे, शेजारच्या काकूंनी मराठीत सांगावे. दोन भाषांमुळे मूल गोंधळून जाईल, अशी चिंता करू नये.

बोट दाखवणे : मागणे आणि वाटून घेणे

बाळ बोट दाखवते तेव्हा त्याला नेहमी काहीतरी हवेच असते, असे आपण समजतो. पण बोट दाखवण्याचे दोन हेतू असतात. एक हेतू मागण्याचा : बिस्किटाचा डबा दिसला, बोट तिकडे गेले. दुसरा हेतू सांगण्याचा : छपरावर कावळा बसला, बाळाने बोट दाखवले आणि वळून आईकडे पाहिले. त्याला कावळा नको आहे. मी जे पाहिले ते तूही पाहा, एवढेच त्याचे म्हणणे आहे. इलिझाबेथ बेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली या दोन हेतूंतील भेद स्पष्ट केला.

यातील दुसरा हेतू अधिक मोलाचा आहे. जर्मनीतील लाइपझिग येथील संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे उपयोगी पडेल. एक वर्षाच्या बाळांनी एखाद्या गोष्टीकडे बोट दाखवले की समोरचा मोठा माणूस वेगवेगळ्या तऱ्हांनी वागे. कधी तो फक्त बाळाकडे पाहून गोड बोले. कधी फक्त त्या वस्तूकडे पाही. कधी काहीच करत नसे. आणि कधी वस्तूकडे व बाळाकडे आळीपाळीने पाहून आनंदाने त्याच्याशी बोले. या शेवटच्या वागण्यानेच बाळांचे समाधान झाले आणि ती पुन्हा पुन्हा काही दाखवू लागली. इतर वेळी त्यांनी आधी तोच इशारा पुन्हा केला आणि पुढे पुढे दाखवणेच कमी केले.

या निष्कर्षावर प्रत्येक आईवडिलांनी थांबून विचार करावा. उत्तर मिळाले नाही तर बाळ विचारणे सोडून देते. आणि ज्या मुलाने पाळण्यात असताना दाखवणे सोडले, ते मोठेपणी आपल्या मनातील भीती, चूक किंवा शंका आपल्याला सांगेल, ही अपेक्षा आपण कोणत्या आधारावर करणार आहोत?

उत्तर देण्याची प्रेषितांची (स.) रीत

नमाज ही प्रेषितांच्या (स.) डोळ्यांची शीतलता होती. तरीही नमाज दीर्घ करण्याच्या इराद्याने उभे असताना बाळाच्या रडण्याचा आवाज कानी आला की, त्याच्या आईची तळमळ जाणून ते नमाज संक्षिप्त करीत. हे बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आले आहे. सजद्यात असताना नातू पाठीवर बसला, तेव्हा त्याचे मन भरेपर्यंत त्यांनी सजदा लांबवला, असे नसाईंच्या संग्रहात येते. एका बाळासाठी नमाज आखूड झाली आणि एका बाळासाठी सजदा दीर्घ झाला. ज्यांच्यावर संपूर्ण मानवजातीला संदेश पोहोचवण्याची जबाबदारी होती, त्यांना बाळाकडे लक्ष द्यायला वेळ होता.

आपल्या घरांत अनेकदा ऐकू येते की, सारखे उचलू नका, हाताची सवय लागेल. सारखे बोलू नका, डोक्यावर बसेल. वडीलधाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण येथे एक भेद समजून घ्यावा. उत्तर देणे म्हणजे प्रत्येक मागणी पुरवणे नव्हे. बाळाने विळीकडे बोट दाखवले तर विळी द्यायची नसते. तिचे नाव सांगायचे, ‘लागेल’ म्हणायचे आणि हातात चमचा द्यायचा. नकार हेही उत्तरच आहे. दुर्लक्ष मात्र उत्तर नाही.

उत्तर खरेही असावे. अबू दाऊद यांच्या संग्रहातील एक घटना प्रत्येक मातेने लक्षात ठेवावी अशी आहे. एका आईने आपल्या लहान मुलाला, ये, तुला काही देते, असे म्हणून बोलावले. प्रेषितांनी (स.) तिला विचारले की, काय देण्याचा विचार होता? तिने खजूर असे उत्तर दिले. तेव्हा त्यांनी बजावले की, काहीच दिले नसते तर हे तुझ्या नावावर खोटे म्हणून लिहिले गेले असते. आता आपल्या अंगणातले चित्र पाहा. रडणाऱ्या बाळाला रिकामी मूठ पुढे करून बोलावले जाते, मूठ उघडताच सारे हसतात. आपल्याला ही गंमत वाटते. बाळ मात्र यातून शिकते की, हात काही सांगतो आणि खरे वेगळेच असते. खोटेपणाचा पहिला धडा आपण आपल्याच हाताने देऊ नये.

बाळ आपले हात वाचत असते, हेही विसरू नये. सलामचा हात त्याने आपल्याकडूनच घेतला; मारण्यासाठी उगारलेला हातही ते आपल्याकडूनच घेईल. वर्षभराच्या मुलाने कुणावर हात उगारला की घरात हशा पिकतो आणि त्याला पुन्हा तसे करायला लावले जाते. चार वर्षांनंतर त्याच हातासाठी त्याला मार बसतो. यात दोष मुलाचा किती आणि आपला किती?

आज सर्वांत मोठा अडथळा आपल्या हातातील मोबाइल आहे. बाळ कावळा दाखवते आणि आईचे किंवा अब्बांचे डोळे पडद्यावर असतात. याहून वाईट म्हणजे बाळाने घास घ्यावा म्हणून मोबाइल त्याच्याच पुढे धरला जातो. पडद्यावरचे चित्र बाळाच्या बोटाकडे पाहत नाही, त्याला उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्पष्ट सांगितले की, एक वर्षाच्या आतील मुलांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठीही तो दिवसाला एका तासाहून अधिक नसावा.

काही भगिनी म्हणतील की, आम्हाला एवढी सवड कुठे? सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी, हळदीची कामे सुरू झाली की आई दिवसभर रानात असते आणि बाळ धुऱ्यावरच्या लिंबाला बांधलेल्या झोळीत किंवा घरी दादीजवळ असते. त्यांची अडचण खरी आहे. परंतु इशाऱ्याला उत्तर द्यायला वेगळा वेळ काढावा लागत नाही. दूध पाजताना, अंघोळ घालताना, झोळीला झोका देताना दिलेले क्षणभराचे लक्ष पुरते. दादी, फुप्पी, मोठी बहीण यांनाही ते देता येते. आणि वडिलांनी यातून स्वतःला वगळू नये. सूरह बकरहमध्ये (२:२३३) दूध सोडवण्याचा निर्णयसुद्धा आई आणि वडील दोघांच्या संमतीने व विचारविनिमयाने घेण्याची शिकवण आहे. ज्याला हा निर्णय घ्यायचा आहे, त्या पित्याला आपल्या बाळाची भूक आणि तृप्ती ओळखता यायला हवी.

आपल्या औंढ्याजवळ ‘लायगो-इंडिया’ ही प्रयोगशाळा उभारली जात आहे. अंतराळातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरींचा अतिसूक्ष्म कंप टिपण्यासाठी प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा तेथे असतील. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने या प्रकल्पासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. अल्लाहच्या विश्वातील दूरचा संकेत टिपण्यासाठी माणूस एवढी धडपड करतो, हे उचितच आहे. आपल्या अंगणातील संकेतासाठी मात्र काहीच खर्च येत नाही. फक्त नजर वर करावी लागते.

इशारे आलेच नाहीत तर

या विषयाची आणखी एक बाजू आहे आणि ती टाळून चालणार नाही. बाळ एक वर्षाचे झाले तरी ते काहीच दाखवत नसेल, हात हलवून निरोप देत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, डोळ्यांत डोळे घालून पाहत नसेल किंवा आलेले इशारे अचानक बंद झाले असतील, तर त्याची तपासणी करून घेणे आवश्यक आहे. ‘याचे अब्बाही उशिराच बोलले होते’ असे म्हणून वर्षे वाया घालवू नयेत. कदाचित काहीच दोष निघणार नाही. पण ऐकण्यात दोष असेल तर प्रत्येक महिना मोलाचा असतो. बाळाच्या श्रवणदोषाचे निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचाराची सुरुवात सहाव्या महिन्यापर्यंत व्हावी, असे या क्षेत्रातील तज्ज्ञ मानतात.

यासाठी प्रथम अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंशी बोलावे. माता व बाल संरक्षण कार्डावर बाळाने कोणत्या महिन्यात काय करावे, याची चित्रे असतात, ती पाहावीत. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत येऊन मुलांची तपासणी करतात आणि गरज भासल्यास पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवर पाठवतात. मुंबईत वांद्रे येथे श्रवण व वाणीविषयक राष्ट्रीय संस्था आहे. महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांचे नाव तिला देण्यात आले आहे.

मूल कर्णबधिर आहे असे निष्पन्न झाले, तर लाज बाळगू नये आणि त्याला लपवूही नये. अशा मुलाशी सांकेतिक भाषेत बोलणे ही कमीपणाची गोष्ट नाही. ज्या धर्मात एका पैगंबरांनी तीन दिवस इशाऱ्यानेच लोकांशी संवाद साधला, त्या धर्माच्या घरात इशाऱ्याने बोलणाऱ्या मुलाचे स्थान सन्मानाचेच असले पाहिजे. ताबीज-गंडे यांत वेळ दवडण्यापेक्षा दुआ आणि उपचार या दोन्ही गोष्टी सोबत कराव्यात; आजारावर उपचार करण्याची शिकवण स्वतः प्रेषितांनी (स.) दिली आहे.

सारांश

संतान ही अल्लाहने आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे. तिची तरबियत मदरशाच्या किंवा शाळेच्या पहिल्या दिवशी सुरू होत नाही. ज्या दिवशी बाळ मान वळवून आपल्याकडे पाहते, त्याच दिवशी ती सुरू झालेली असते. त्याने दाखवले की पाहावे, नाव सांगावे, खरे सांगावे आणि नकार द्यायचा असेल तर तोही प्रेमाने द्यावा. छपरावरचा कावळा, रात्रीचा चंद्र, पावसाची सर याकडे त्याचे बोट गेले, तर ‘हे अल्लाहने बनवले’ एवढे जरी आपण म्हटले, तरी तौहीदचा पहिला धडा त्याच्या कानी पडला. निर्मितीतील निशाण्यांकडे पाहा, असे कुरआन आपल्याला पुनःपुन्हा सांगतो. घरातले सर्वांत लहान माणूसही आपले बोट वर करून तेच सांगत असते.

घरच्या बैठकीसाठी प्रश्न

१. आपल्या घरातील बाळ सध्या कोणकोणते इशारे करते? घरातील प्रत्येकाने एक-एक सांगावा.

२. मागील आठवड्यात बाळाला फसवण्यासाठी आपण रिकामी मूठ किंवा खोटे आमिष दाखवले काय?

३. दिवसातील कोणत्या वेळी मोबाइल बाजूला ठेवून बाळाकडे लक्ष देता येईल? आई व वडील दोघांनीही आपली वेळ ठरवावी.

अल्लाह आपल्याला आपल्या संततीचे हक्क ओळखण्याची सद्बुद्धी देवो, तिला आपल्या डोळ्यांची शीतलता बनवो आणि जी मुले ऐकू किंवा बोलू शकत नाहीत त्यांच्या मातापित्यांना धैर्य व योग्य मार्ग देवो. आमीन.